आत नवीनच आहे

१४ मे, गुरुवार. काम: अंकलच्या कॉम्प्युटरची धूळ काढणे, पंखे पुसणे, चालतो का ते बघणे.

अंकल म्हणजे माझे जुने घरमालक. वसईत सांडोरला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्याने राहिले. दोन वर्षांपूर्वी मी विरारला फ्लॅट घेतला आणि मागच्या वर्षी अंकल गेले. परवा आंटींचा फोन आला. "ते मशीन चर्चच्या तरुण मंडळाला देते. तू एकदा उघडून साफ कर. दुसऱ्या कोणी उघडलेलं त्यांना आवडलं नसतं." मी एका विमा कंपनीच्या हेल्पडेस्कवर बावीस वर्षं काढली आहेत. लोकांचे कॉम्प्युटर उघडणं आणि "बंद करून पुन्हा चालू करा" म्हणणं, यावरच माझं घर चालतं. तेव्हा दोन दिवस रजा टाकली आणि ब्लोअर पिशवीत घालून गेले.

कॅबिनेट डायनिंग टेबलावर आडवं केलं. त्याची एक बाजू काचेची आहे, आतले दिवे दिसावेत म्हणून. त्या काचेवरचं कारखान्यातलं पारदर्शक प्लास्टिक अजून तसंच होतं. एक कोपरा सुटलेला, तिथे सेलोटेप लावलेली. सेलोटेप अर्थातच अंकलनी लावलेली.

नव्या वस्तूवरचं प्लास्टिक अंकल काढत नसत. रिमोट प्लास्टिकमध्ये असणं हे मी समजू शकते, ते निम्म्या वसईत असतं. पण अंकलच्या घरी फ्रिजचं हँडल, गिझर, शेगडीची बटणं, स्कूटरची सीट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं प्लास्टिकमध्ये होतं. गादीसुद्धा. अंकल कूस बदलायचे ते मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. एकदा नवा चष्मा केला तर डाव्या काचेवर कंपनीचं गोल स्टिकर चार महिने होतं. मी म्हटलं, "अंकल, दिसतं का तुम्हाला?"

"उजव्याने दिसतं ना, मॅडम."

कंजूष नव्हते. खाऊपिऊ घालायला हात सैल. बागेतली केळी घडच्या घड वाटायचे. फक्त वस्तू जुनी होणं त्यांना सहन होत नसे. कोणी हसलं की एकच उत्तर ठरलेलं: "हसा. आत नवीनच आहे."

सगळ्यात वाईट होता सोफा. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी घेतलेला, तीन माणसांचा. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती. प्लास्टिक पिवळं पडून आतला रंग चहासारखा दिसायचा. मरून मखमल आहे असं आंटी सांगायच्या, कारण दुकानात त्यांनी ती पाहिली होती. मे महिन्यात त्यावरून उठताना असा आवाज यायचा की पाहुणे एकमेकांकडे बघायचे. रेशमी साडीतल्या बायका बोलता बोलता हळूहळू पुढे सरकत जायच्या. आंटी बसणाऱ्याला आधीच सांगायच्या, "पाय नीट टेकून बस." त्यांची स्वतःची इच्छा फार मोठी नव्हती. "मरायच्या आधी एकदा माझ्या सोफ्यावर बसायचंय," म्हणायच्या. "प्लास्टिकवर नाही. सोफ्यावर."

यावरून नवराबायकोत नेमाने भांडण व्हायचं. भांडण त्यांच्या घरच्या बोलीत. मला निम्मं कळायचं, पण सोफा आणि प्लास्टिक हे दोन शब्द कोणत्याही बोलीत तेच असल्याने विषय कळायचा.

आता कॉम्प्युटर. अंकल एकतीस वर्षं लाल बसवर ड्रायव्हर होते. एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला शोकेसमध्ये होता (प्लास्टिकच्या पिशवीत). निवृत्त झाल्यावर गुडघा गेला, पाठोपाठ स्कूटर गेली, आणि हातात स्टिअरिंग नाही म्हटल्यावर ते घरातल्या प्रत्येकाला शिस्त लावू लागले. मी जिना उतरताना वळणावर डावी बाजू धरत नाही, हेही मला सांगून झालं. मग त्यांनी कुठेतरी ट्रक चालवायचा गेम पाहिला. खऱ्यासारखे रस्ते, घाट, बोगदे, रात्र झाली की दिवे लावायचे, माल वेळेत पोचवायचा. त्यांनी ठरवलं की हे घ्यायचं. आणि अर्धवट काही घ्यायची त्यांना सवय नव्हती. बाजारात होतं त्यातलं जोरदार ग्राफिक्स कार्ड, तसाच प्रोसेसर, खरं वाटेल असं स्टिअरिंग, तीन पेडल. दुकानदार म्हणाला, सगळं जोडून देतो. अंकल नाही म्हणाले. "ते लोक टराटरा प्लास्टिक फाडतात."

अकरा दिवस डायनिंग टेबलावर बसून त्यांनी ते स्वतः जोडलं. व्हिडिओ बघून, एकेक स्क्रू वाटीत मोजून ठेवून. दोघं जेवणाची ताटं मांडीवर घेत होते. मी शेवटी पाहायला गेले, चुका काढायच्या तयारीने, आणि एकही सापडली नाही. आमच्या ऑफिसात इतक्या सरळ वायरी कोणी बांधलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

नवी गाडी घेतली की फादरना बोलवून आशीर्वाद घ्यायची पद्धत आहे. याला स्टिअरिंग आहे म्हणजे ही गाडी, असं अंकलचं म्हणणं. तेव्हाचे आमचे छोटे फादर, म्हणजे मुख्य फादरांचे मदतनीस, तिशीतले, हसरे. ते पवित्र पाणी घेऊन आले, तर अंकलनी कॅबिनेटवर वरून एक मोठी जाड पिशवी चढवलेली.

"अंकल, आशीर्वाद पिशवीवर पडेल."

"आशीर्वाद आत पोचतो, फादर. पाणी पोचायला नको."

फादरनी पिशवीला आशीर्वाद दिला. मग चहा घेताना यंत्राचे भाग विचारले आणि त्यांचे डोळे मोठे झाले. छोटे फादर हाच गेम खेळत होते, एका साध्या लॅपटॉपवर, चर्चचं काम संपलं की तासभर. "अंकल, तुमच्यापुढे माझा लॅपटॉप म्हणजे सायकल," म्हणाले, आणि पुढच्या रविवारी सायकल घेऊन आले.

दोन्ही यंत्रं वायरने जोडली. दोघांनी एकाच गावाहून ट्रक काढले. पहिली दोन मिनिटं अंकलचा पडदा लोण्यासारखा सरकत होता. मग अडखळला. मग ट्रक उड्या मारू लागला. स्टिअरिंग आत्ता वळवायचं आणि ट्रक त्यानंतर, आपल्या सोयीने वळणार. फादर पोचले तेव्हा अंकल एका शेतात होते.

गेम म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ दिसल्या तरी काम भागतं. अंकलच्या यंत्राने एकशे चाळीस दाखवायला हव्यात. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता: अकरा.

"गाडी खराब आहे," अंकल म्हणाले. "नाहीतर फादर तुम्ही कुठे, मी कुठे."

"मग पुढच्या रविवारी परत," फादर म्हणाले.

आंटी ताटलीत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "आणि हे हरले तर?"

"हरतोय कशाला!"

"हरलात तर सोफ्याचं प्लास्टिक काढायचं. बोला. फादर बसलेत समोर."

अंकलनी फादरकडे पाहिलं. फादर सोफ्यावर बसले होते आणि बरेचसे पुढे घसरले होते. अंकल म्हणाले, "आणि जिंकलो तर प्लास्टिकचा विषय या घरात परत काढायचा नाही. कधीच."

"कबूल."

फादरसमोर दिलेला शब्द. त्या घरात याच्यावर अपील नव्हतं.

सोमवारी सकाळी माझ्या दाराखालून एक लांबट वही आत सरकवलेली होती. आगारात ड्रायव्हरने गाडीला हात लावायचा नसतो. बिघाड वहीत लिहायचा, मेकॅनिकने दुरुस्ती करून सही करायची. अंकलनी तीच पद्धत घरी चालू केली आणि मेकॅनिक म्हणून माझी परस्पर नेमणूक केली.

"तक्रार: गाडी दोन मिनिटं बरी, मग दम टाकते. चित्रं अकरा. वळणावर आधी रस्ता वळतो, ट्रक नंतर. तपासावे." खाली सही, वेळ.

ऑफिस सुटल्यावर गेले. पडद्याची वायर योग्य जागी. सॉफ्टवेअर ताजं. मग लक्षात आलं की अंकलनी सेटिंगमध्ये वीज वाचवायचा पर्याय निवडलाय. "अंकल, हे का?"

"ॲव्हरेज चांगला पडतो, मॅडम. मला त्याचं पण बक्षीस होतं."

ते बदललं. फ्रेम तेरा झाल्या. वहीत लिहिलं, "अंशतः दुरुस्त," सही केली.

जिन्यात आंटी उभ्या होत्या. हातात सुकेळ्यांची पुडी, रविवारच्या ताटलीतल्यांहून चांगली, मऊ, मधाच्या रंगाची. त्यांनी ती माझ्या पर्समध्ये घातली. "फार खोलात जाऊ नकोस," म्हणाल्या. "तुझे डोळे दुखत असतील, दिवसभर ऑफिसात तेच."

"आंटी, ही लाच आहे."

"लाच कसली, केळी आहेत."

मी एक खाल्लं. उत्तम होतं. मंगळवारची तक्रार: "चढावर गाडी उभी राहते. मागून हॉर्न देतात." बुधवारची: "चित्रं नऊ. आवाज पुढे जातो, मी मागे राहतो." बुधवारी दुसरी पुडी आली.

माझी अडचण सांगते. मला आंटींची बाजू पटत होती. त्या सोफ्यावर मीही नऊ उन्हाळे काढले होते. पण सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम देणारं यंत्र नऊ देतंय आणि मी ते बघून जिना चढून वर जाते, हे मला जमेना. तिसरी पुडी घेतली आणि गुरुवारी प्रोसेसरचं तापमान बघितलं. शंभर. त्या तापमानाला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. दोन मिनिटांनी दम लागतो तो याच्यामुळे.

"अंकल, ही आशीर्वादाची पिशवी काढा. यंत्राला श्वास घेता येत नाहीये."

"मी भोकं पाडलीत."

चार भोकं होती. पंच मशीनने पाडलेली.

बऱ्याच बोलाचालीनंतर पिशवी "सामन्यापुरती" निघाली. फ्रेम अठरा. तापमान अजून शंभर. आता मी गोंधळले. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याच्या बुडाचा मोठा थंडावा देणारा पंखा असतो, कूलर म्हणतात. बूड प्रोसेसरला टेकतं, उष्णता वर ओढून घेतं. पंखा फिरत होता. मी बोट लावलं तर वरची पाती थंडगार. खाली शंभर आणि वर गार, म्हणजे उष्णता मध्येच कुठेतरी अडलेली.

मी अंकलकडे पाहिलं. अंकल केळीच्या बागेकडे पाहत होते.

"अंकल, कूलरच्या बुडाला प्लास्टिक होतं का?"

"असतं ना. सगळ्याला असतं."

"ते काढलंत?"

उत्तर म्हणून त्यांनी मला फ्रिजचं हँडल, घड्याळ आणि सोफा अशा क्रमाने पाहू दिलं.

मी चार स्क्रू काढून कूलर उचलला. तांब्याच्या बुडावर लखलखीत पारदर्शक फिल्म, एकही सुरकुती नाही. तिच्यावर लाल मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: बसवण्याआधी हे काढा.

"हे वाचलं नाहीत?"

"वाचलं. मॅडम, सिगरेटच्या पाकिटावर पण लिहिलेलं असतं."

"याच्यामुळे तुमचा ट्रक शेतात गेला."

अंकल खुर्चीवर बसले. खुर्ची वाजली. "हे काढलं," म्हणाले, "की मग आत नवीन काय राहिलं?"

खरं तर हे मी दोन सेकंदांत ओढून काढलं असतं. पण मला वाटलं, हे त्यांनीच काढलेलं बरं. नाहीतर पुढची दहा वर्षं मी फाडलं म्हणून ऐकावं लागेल. कूलर त्यांच्यासमोर धरला. त्यांनी क्रूसाची खूण केली, नखाने कोपरा धरला आणि तोंड दुसरीकडे करून ओढलं. रबरबँड सुटल्यासारखा आवाज झाला. स्वयंपाकघरातून आंटी धावत आल्या. नवऱ्याच्या हातात काढलेलं प्लास्टिक पाहून त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं.

अंकलनी ती फिल्म वहीच्या पानावर चिकटवली आणि खाली वेळ लिहिली. मी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून कूलर बसवला. तापमान बासष्ट. फ्रेम एकशे बेचाळीस. सही केली: "पूर्ण दुरुस्त."

आंटी जिन्यात भेटल्या तेव्हा हातात काही नव्हतं. "तीन पुड्या खाल्ल्यास," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मिस्सा आटोपून फादर लॅपटॉप घेऊन आले. अंकल इस्त्रीच्या खाकी शर्टात. खुर्चीभोवती एक फेरी मारली, पेडल दाबून पाहिले, पडद्याला टांगलेली जपमाळ सरळ केली. आंटी सोफ्याच्या टोकाला, माझ्याशी अबोला धरून. शर्यत सुरू झाली.

दोन मिनिटं. तीन. पाच. आकडा एकशे चाळीसच्या खाली येईना. पडदा काचेसारखा. घाटातल्या झाडांची पानं हलताना दिसत होती. अंकलच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

"मॅडम, पाट्या वाचता येतायत!"

तिथेच सगळं बिनसलं. अकरा फ्रेममध्ये अंकलना एकही पाटी दिसत नव्हती, म्हणून ते हाणत होते. आता दिसली. "वेगमर्यादा चाळीस." अंकलनी पाय उचलला.

"अंकल, पळवा!" मीच ओरडले.

"पुढे शाळा आहे."

"गेममधली शाळा आहे, रविवार आहे!"

"पाटी आहे ना?"

सिग्नल पिवळा झाला, अंकल थांबले. फादरनी तो तोडला, गेमने त्यांना दंड केला, फादर "सॉरी, सॉरी" म्हणत सुसाट. अंकलनी एका चौकात समोरच्या टेम्पोला आधी जाऊ दिलं आणि हात दाखवला. उतारावर गिअर खाली घेतला. फादर पोचले, त्यांनी चहा मागितला, चहा झाला, प्यायला गेला. त्यानंतर अंकलचा ट्रक गावात शिरला. आवारात आल्यावर त्यांनी इंडिकेटर दिला, उलटा घेऊन दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये लावला, हँडब्रेक ओढला आणि उठले.

"एक ओरखडा नाही," म्हणाले.

"अकरा मिनिटांनी हरलात," आंटी म्हणाल्या.

अंकलनी फादरकडे पाहिलं. फादरच्या ट्रकचा पुढचा दिवा लोंबत होता. पण शब्द म्हणजे शब्द. अंकल आत गेले, दाढीचं पातं आणलं आणि गुडघ्यावर बसून, दुखरा गुडघा सोडून दुसऱ्यावर, शिवणीशिवणीने प्लास्टिक सोडवू लागले. फाडलं नाही. घडी करून कपाटावर ठेवलं. खाली खरंच मरून मखमल निघाली, दुकानातून आत्ता आणल्यासारखी. आंटींनी हात पुसले आणि मधोमध बसल्या. आवाज आला नाही. मग आंटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस गं. पाय टेकायची गरज नाही."

अबोला संपला. उद्या सुकेळी देते, असंही म्हणाल्या.

अंकल दोन दिवस वेताच्या खुर्चीवर बसले, निषेध म्हणून. तिसऱ्या दिवशी वही दाराखालून आली. "तक्रार: सोफ्यावर बसल्यास झोप लागते. गाडी चालवायची राहून जाते. उपाय करावा." मी सही केली नाही. हेल्पडेस्कच्या कक्षेत येत नव्हतं.

गेले तेही तिथेच, दुपारच्या झोपेत. आंटींनी मला फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, "निदान मऊ होता."

तर आजचं काम. आत फारशी धूळ नव्हती. पंखे पुसले, पेस्ट नवी लावली, गेम लावून अर्धा तास ठेवला. तापमान साठ, फ्रेम एकशे चाळीस. राहिली काच. मी सुटलेल्या कोपऱ्यावरच्या सेलोटेपला नख लावलं. "आंटी, हे ओढून टाकू? आतले दिवे छान दिसतील."

आंटी सोफ्यावर भाजी निवडत होत्या. बावीस वर्षं भांडलेली बाई. मान वर न करता म्हणाल्या, "हात लावलास तर बघ."

१५ मे, शुक्रवार. सकाळी मी मशीन रिक्षात मांडीवर धरून चर्चच्या हॉलमागच्या खोलीत नेलं. मंडळाची एक मुलगी पुढे आली, काच पाहिली आणि सेलोटेपकडे हात नेला. मी तिचा हात बाजूला केला. ती म्हणाली, "मॅडम, अजून प्लास्टिक आहे यावर." मी म्हटलं, "या प्लास्टिकने फ्रेम कमी होत नाहीत. मी तपासलंय." मग आंटींनी मशीनसोबत दिलेली अंकलची वही काढली, फिल्मचं आणि सोफ्याच्या तक्रारीचं पान उलटून कोरं पान उघडलं, "गाडी तपासून दिली. काचेला हात लावू नये," असं लिहून सही केली, आणि वही कॅबिनेटच्या खाली सरकवली.